दिवाळं निघण्याआधी

वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं. लवासाचं घोंगडं मात्र वर्षानुवर्षं भिजतच पडलं.

मुळशी-वेल्ह्यातली गावं घेऊन वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा नावाची इटली उभी राहणार होती. ऑगस्ट २०१८ मध्ये उभं राहिलं ते कंपनी न्यायाधिकरणातलं दिवाळखोरीचं प्रकरण. घेणेकऱ्यांचे दावे सहा हजार कोटींच्या वर. २०२३ मध्ये १,८१४ कोटींचं गिऱ्हाईक ठरलं. त्यानं पैसेच भरले नाहीत. २०२४ मध्ये योजना रद्द, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

दिवाळं निघणं हा गुन्हा नाही. निघण्याआधी काय काय निघून गेलं, एवढाच प्रश्न.

तो विचारायला २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल येतो, वह्या उघडतो. व्यवहार नात्यागोत्यातला असेल तर दोन वर्षं मागे जायचं, परक्याशी असेल तर एक. एकाच घेणेकऱ्याचे पैसे घाईघाईनं का फेडले? जागा मातीमोल भावानं कुणाला गेली? ७५ व्या दिवसापर्यंत मत बनवायचं, १३० व्यापर्यंत न्यायाधिकरणाकडे अर्ज.

शेजारच्या भोरात इतके दिवस कोण थांबतो? सोसायटीची जप्ती यायच्या आधी कुणी ट्रॅक्टर मेहुण्याच्या नावावर केला, तर संध्याकाळी पारावर चर्चा. जमीन फिरवावी म्हटलं, तर सातबाऱ्यावर बोजा चढलेलाच.

कंपनीच्या पैशाला सातबारा नसतो.

म्हणून तिथं फॉरेन्सिक ऑडिट. पैसा पाच कंपन्यांतून फिरून घरी येतो, आणि पाचांचाही पत्ता बऱ्याचदा एकच. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत तर, सीबीआयच्या आरोपानुसार, वांद्र्याची आख्खी शाखाच कागदावर होती. तिच्या खात्यांत अडीच लाखांहून जास्त गृहकर्जं. घरं? ती कशाला लागतात?

पकडलं, हे खरं. पुढे?

डीएचएफएलमधले संशयित व्यवहार साधारण ४५ हजार कोटींचे. त्यातल्या फसवणुकीच्या वसुलीची किंमत, कंपनी घेणाऱ्या पिरामलच्या योजनेत, धरली एक रुपया. उद्या वसूल झालंच तर ते पिरामलचं. घेणेकऱ्यांच्या समितीनं मान डोलावली, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलं. मोठ्या ठेवीदारांच्या हाती तोवर रुपयातले चार आणेही पुरते आले नव्हते.

त्याच एप्रिलमध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्याचा एक रुपयातला पीकविमा बंद केला. कारण? बोगस अर्ज सापडले.