पिवळी जाते कुठं?

आमच्याकडे जुना प्रिंटर होता तोवर घरात शांतता होती. त्याची शाई कार्ट्रिजच्या पोटात बंद असायची आणि ती किती उरली आहे हे त्याचं त्यालाच ठाऊक. एके दिवशी तो 'संपली' म्हणायचा, आपण मान डोलवायचो. नव्या कार्ट्रिजची किंमत ऐकली की त्यापेक्षा नवा प्रिंटरच घ्यावा असं वाटायचं; पण लूट झाकलेली असल्यामुळे कुणाच्या जिवाला फारशी लागत नसे. मग टाकीचा प्रिंटर आला. त्याला समोरून चार खिडक्या. काळी, निळी, गुलाबी, पिवळी. हिशेबखात्यात अख्खी नोकरी काढलेल्या माझ्या वडिलांना निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी तपासायला मिळालं.

त्यांनी मार्करनं टाक्यांवर रेघा मारल्या, रेघांशेजारी तारखा घातल्या आणि एका जुन्या डायरीत पान आखलं. तारीख, कोणी छापलं, काय छापलं, किती पानं, कारण. या 'कारण' रकान्यावरून घरात बरंच वाजलं. मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी सूर्यमाला छापली, तर 'गुरू एवढा मोठा कशाला?' अशी हरकत आली. वरच्या मजल्यावरच्या काकू आधार कार्डाची रंगीत प्रत मागायला आल्या, तेव्हा 'तुमचा फोटो काळ्यापांढऱ्यातच जास्त खुलतो' असं सांगून बाबांनी त्यांना खूशही केलं आणि तीन रंग वाचवलेही.

तरी पिवळी उतरत होती.

बाबांचा मुद्दा बिनतोड होता. घरात छापलं जातं ते सगळं काळं. सातबारा काळा, वीजबिल काळं, आईची स्तोत्रं काळी. मग पिवळी जाते कुठं? 'हळदीकुंकवाला काढता की काय?' असं त्यांनी एकदा आईला विचारलं. आईनं दिलेलं उत्तर डायरीत नोंदलेलं नाही.

खरं तर ही टाकीची युक्ती बाबांच्याच जातकुळीतल्या माणसांनी काढलेली. इंडोनेशियात लोक कार्ट्रिजच्या किमतींना इतके वैतागले, की त्यांनी प्रिंटरांना भोकं पाडून बाहेर शाईच्या बाटल्या लावल्या आणि नळ्या आत सोडल्या. ते पाहून एप्सननं २०१० मध्ये तिथंच, कारखान्यातूनच टाकी लावून आलेला प्रिंटर विकायला काढला. आपल्याकडेही तेव्हा गल्लोगल्ली कार्ट्रिजमध्ये सिरिंजनं शाई भरून देणारे होतेच. सिरिंजचं आणि या यंत्राचं नातं जुनं आहे. १९७७ मध्ये जपानात कॅननच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचं तापलेलं टोक चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्या उडालेल्या शाईतून पुढं बबलजेट निघाला. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि 'त्या उडालेल्या शाईचा खर्च कोणी सोसला?' एवढंच विचारलं.

तर बाटली आणायला आम्ही अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं मॉडेल नंबर विचारला. बाबांनी डायरी उघडून वाचून दाखवला.

'ब्लॅक डाय लागते की पिगमेंट?'

'काळी लागते.'

'काका, काळीच. पण डाय की पिगमेंट?'

इथं मला मध्ये पडावं लागलं. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, फोटोत छान दिसतो, पण पाणी लागलं की गाव सोडतो. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते कागदावर बसून राहतात, म्हणून अक्षर ठसठशीत येतं आणि ओल्या बोटाला दाद देत नाही. बऱ्याच टाकीच्या प्रिंटरांत काळी पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय असतात, काहींत चारही डाय. एकाच टाकीत दोन्ही एकत्र केल्या तर गुठळ्या होऊन छिद्रं बुजू शकतात. त्यातून काही कंपन्या शाईला क्षणभर चटका देऊन थेंब उडवतात, तर काही विजेनं वाकणाऱ्या स्फटिकाचा धक्का देऊन. त्यामुळे चटक्याची शाई वेगळी आणि धक्क्याची वेगळी. रंग तोच दिसला म्हणून शाई तीच नसते.

बाबांना डाय म्हणजे काय हे मात्र माझ्या भाषणाआधीच कळलेलं होतं. आमचा प्रिंटर चारही डायवाला. सोसायटीसमोरच्या खड्ड्याबद्दलचा त्यांचा दोन पानी तक्रारअर्ज भर जुलैत, छत्रीतून कार्यालयात पोचला, तेव्हा त्यावर मजकूर राहिला नव्हता, ढगाळ हवामान होतं. कारकुनानं तो सरळ धरला, उलटा धरला आणि त्यावर 'पोचला'चा शिक्का मारून दिला. घरी येईपर्यंत पुन्हा भिजलं. शिक्क्याचं एक अक्षर हललं नव्हतं. तेव्हापासून बाबांचं मत आहे, की चांगली शाई सरकार स्वतःकडे ठेवतं. पुरावा म्हणून ते मतदानाची शाई काढतात. ती म्हैसूरच्या कारखान्यात होते, १९६२ च्या निवडणुकीपासून चालत आली आहे आणि तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीला धरलं की साबणाच्या बापाला ऐकत नाही. ती बाटलीत भरून मिळेल का, हे त्यांनी दुकानदारालाही विचारून घेतलं.

दुकानदार अनुभवी. 'ओरिजिनल देऊ की कंपॅटिबल?'

'फरक काय?'

'किमतीत आहे ना.'

हा प्रश्न बाबांच्या मर्मावरचा. त्यांच्या शाळेत शाईची गोळी पाण्यात टाकली की दौत तयार. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या-गोळ्यांनी सुरुवात केली, त्याचीच पुढं कॅम्लिन झाली. पुडीभर रंगावर वर्ष काढलेल्या पिढीला ७० मिलिलिटर पाण्याची किंमत पटवून देणं अवघड. मी म्हटलं, बाबा, यातला एकेक थेंब तीन-चार पिकोलिटरचा असतो, आणि एका मिलिलिटरमध्ये अब्ज पिकोलिटर. छिद्र केसाहून बारीक. पुडीतला गाळ तिथं कसा चालेल? यावर त्यांनी पेन काढलं आणि दुकानाच्या काउंटरवरच भागाकार केला. तीनचा थेंब धरला तर बाटलीत २३ अब्ज थेंब. मग ते ओरिजिनलला तयार झाले. इतक्या नगांना भाव ठीक होता.

दरम्यान मामेभावानं मग आणि टी-शर्ट छापायचा धंदा काढला आणि गुंडाळला. त्याच्या उरलेल्या बाटल्या त्यानं प्रेमानं आणून दिल्या. चारही रंग, सीलबंद, फुकट! बाबांनी झाकण उघडायला घेतलंच होतं, तेवढ्यात बायकोनं लेबल वाचलं. सब्लिमेशन. ही शाई कागदावर मरगळलेली दिसते. दोनशे अंशांच्या आसपास दाबून तापवली, की तिची वाफ होऊन पॉलिएस्टरमध्ये किंवा मगावरच्या लेपात शिरते आणि मग रंग उजळतो. म्हणजे मुलीची गुणपत्रिका छापून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे टाकायची, तीही पॉलिएस्टरवर. बाबा त्यालाही तयार दिसले. फुकट म्हटल्यावर माणूस पॉलिएस्टरचाही विचार करतो.

भरण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी, अंघोळ करून. खाली वर्तमानपत्र, हातात आईचे केस रंगवायचे प्लॅस्टिकचे मोजे, दाराला कडी. रंगाला रंग जुळवून बाटली उपडी केली की ती बुडबुडे सोडत सावकाश रिकामी होते, पिळावी लागत नाही. पण बाबांचा बाटलीवर विश्वास नाही. वरच्या रेघेला शाई टेकल्यावरही ते ती उलटी धरून, बुडावर टिचक्या मारत, शेवटचा थेंब उतरेपर्यंत अभिषेकाला बसल्यासारखे उभे राहतात. त्यात डाव्या अंगठ्याचं नख गुलाबी झालं ते पुढच्या सत्यनारायणापर्यंत तसंच होतं.

आणि एवढं सगळं करून पिवळी पुन्हा रेघेखाली.

शेवटी प्रिंटरच दिवे लुकलुकवत अडून बसला आणि दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं मशिन हलवून पाहिलं आणि विचारलं, 'हे बंद कसं करता?'

'भिंतीवरचं बटण,' बाबा अभिमानानं म्हणाले. 'काम झालं की लगेच. उगाच दिवा कशाला जळायला हवा?'

'आणि प्रिंट किती काढता?'

'अगदी नडल्याशिवाय नाही.'

मुलानं डोक्याला हात लावला. मशिनचं स्वतःचं बटण दाबलं तर हेड जागेवर जातं आणि खालून रबरी टोपी बसते. मध्येच भिंतीवरून वीज तोडली तर ते उघडं राहून वाळू शकतं. वाळलं की पानावर पट्टे; पट्टे आले की हेड क्लीनिंग; क्लीनिंगला चारही रंग लागतात, छापणं काळं असो की पांढरं. वर वीज पुन्हा आल्यावर मशिन स्वतःहूनही थोडी शाई ओढून घेतं. आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहिलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं.

'म्हणजे,' बाबा सावकाश म्हणाले, 'न छापता गेली?'

'न छापल्यामुळेच गेली, काका.'

'गेली कुठं पण?'

'मशिनमध्येच आहे की. खाली पॅड असतं, ते पितं. तेच भरलंय म्हणून अडलंय.' त्यानं स्क्रू काढून ते बाहेर घेतलं. फुगलेलं, ओलं, काळंकुट्ट. बाबांनी चश्मा पुसून घातला, पॅड दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, डायरी उघडून बेरजा ताडून पाहिल्या. चेहऱ्यावर समाधान आलं. रक्कम सापडली होती, फक्त दुसऱ्या खात्यात जमा झालेली.

'छान,' ते म्हणाले. 'आता यातली पिवळी तेवढी वेगळी काढून मिळेल का?'

'सरांना विचारून सांगतो, काका,' असं म्हणून मुलानं पिशवी उचलली.