तारीखबाई, तुमचं अभिनंदन!

कोर्टातल्या श्रीमती तारीखबाई यांस,


कैद्यांचे हाल झाले की लोक पोलिसांना बोल लावतात, तुरुंगाला लावतात. तुम्ही मात्र 'तहकूब' या एका शब्दाच्या आडोशाला निवांत बसलेल्या. म्हणून म्हटलं, तुमचं कौतुक आपणच करावं.

2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारातले तिघे गुन्हा शाबीत न होताच तुमची वाट बघत होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात क्षमतेच्या तिपटीहून जास्त माणसं कोंबलेली. तिथे एकाचा खोकला साऱ्या बराकीच्या मालकीचा. मे 2020 मध्ये कोरोना शिरला, तेव्हा बंदी आणि कर्मचारी मिळून शंभराहून जास्त बाधित निघाले. आणि टीबी झालेला कच्चा कैदीही बहुतेकदा कधीतरी सुटतो. टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने न चुकता घ्यायच्या असतात. सुटकेचा कागद मात्र मधेच एखाद्या संध्याकाळी येतो. गोळ्या आत राहतात, खोकला चाळीतल्या खोलीत पोचतो. (त्याला जामीनदार लागत नाही.)

तुमची खरी कारागिरी दिसली ती तळोजा तुरुंगात. तिथले कच्चे कैदी फादर स्टॅन स्वामी 83 वर्षांचे, कंपवाताने हातात पेला ठरेना. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांनी नळी आणि सिपर मागितला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने 20 दिवस मागून घेतले. तहानसुद्धा तहकूब करता येते, हे आम्हाला तेव्हा कळलं! 5 जुलै 2021 ला उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाचं प्रकरण पुकारलं गेलं, तर सांगण्यात आलं की ते दुपारीच गेले. त्या दिवशी तुम्ही अगदी वेळेवर हजर होतात.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 आलंय. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पहिल्यांदाच अडकलेल्याला कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढल्यावर बंधपत्रावर सुटका. घाबरू नका, त्या सुटकेच्या अर्जालाही तारीख पडते.

परवा सत्र न्यायालयाच्या बाकावर एक बाई शेजारी होत्या. रोजंदारी बुडवून आलेल्या, नवऱ्याला निदान लांबून बघायला. 'गार्ड मिळाला नाही, आणलं नाही,' एवढंच कळलं. पुढची तारीख त्यांनी तळहातावर पेनाने लिहून घेतली. मग पिशवीतून दवाखान्याचा केसपेपर काढून बघितला. साखर तपासायला त्याच दिवशी बोलावलं होतं. केसपेपर त्यांनी घडी घालून परत पिशवीत ठेवला.

आपला,
बाकावरचा एक