भाजी खा, असं साहेब म्हणाले

सप्टेंबर उजाडला की सरकारला गरिबाघरच्या बायकांच्या ताटाची आठवण येते. २०१८ पासून हा ‘राष्ट्रीय पोषण महिना’ साजरा होतो, आणि तो खरोखरच साजरा होतो. मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, गाजर, मुळा आणि पालक मांडून तिरंगी रांगोळी निघते. त्या रांगोळीतला पालक कुणी खायचा नसतो. त्याचा फोटो काढायचा असतो आणि संध्याकाळच्या आत वर पाठवायचा असतो. मग साहेबांचा सत्कार. (अख्ख्या कार्यक्रमात या हातातून त्या हातात जाणारं फळ एकच, श्रीफळ. तेही साहेबांबरोबर गाडीत बसून तालुक्याला जातं.)

सत्कारानंतर भाषण. ‘माता-भगिनींनो, रोजच्या आहारात हिरव्या पालेभाज्या आणि हंगामी फळांचा समावेश करा.’ समोरच्या माता-भगिनी माना डोलावतात. त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, त्यामुळे त्या दिवशीची भाजी तशीही बुडालेली असते.

या भाषणामागे एक सिद्धांत आहे. गरीब आई भाजी खात नाही, कारण भाजी चांगली असते हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. एकदा सांगितलं, चित्र दाखवलं, घोषवाक्य पाठ करून घेतलं की ती तडक बाजारात जाईल आणि डाळिंबं सोलायला बसेल. सिद्धांत सोयीचा आहे. अडाणीपणावर पत्रक छापता येतं. रिकाम्या पिशवीवर काय छापणार?

खरं तर फळाची थोरवी गरीब बाईइतकी कुणालाच ठाऊक नसेल. तिच्या घरात मोसंबी येते ती कुणी दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर. केळी येतात सत्यनारायणाला. आणि पाच फळं एकदम तिच्या वाट्याला येतात ती ओटी भरतात तेव्हा, तीही बहुधा पहिल्या खेपेला. फळ ही देवाची, आजाऱ्याची आणि पाहुण्यांची वस्तू आहे, हे तिला पक्कं माहीत असतं. पपई उष्ण, वांगं वातूळ, केळ्यानं कफ होतो, ही सासूबाईंची यादी वेगळीच. सरकारची यादी म्हणते हे खा, सासूबाईंची म्हणते ते खाऊ नको. हातगाडीवाला भाव सांगतो आणि दोन्ही याद्या निकालात निघतात.

आता भावाचं बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं. घरात तीन मोठी माणसं आणि दोन पोरं धरा. पोरांना अर्धा अर्धा वाटा, म्हणजे चार वाटे. गाडीवरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं ‘२० पाव’. त्या दरानं रोजची भाजी १२८ रुपयांची. वर चार केळी, २० रुपये. महिन्याला झाले साधारण साडेचार हजार. यात तेल नाही, मीठ नाही, गॅस नाही, आणि सफरचंदाचं तर नावच काढू नका.

सरकार काहीच देत नाही असं मात्र म्हणू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर माणशी पाच किलो धान्य दिलं, आणि २०२३ पासून ते फुकटच आहे. तांदूळ आहे, गहू आहे. रेशनच्या त्या हक्कात मेथीची जुडी कुठे बसत नाही. त्याच कायद्यानं गरोदर बाईला किमान ६,००० रुपये देऊ केले. त्यावरून निघालेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला मिळतात ५,०००, हप्त्याहप्त्यानं. उरलेले हजार दुसऱ्या एका योजनेत शोधायचे असतात. वरच्या हिशोबानं हे पाच हजार त्या घराला महिना आणि वर तीनचार दिवस पुरतील. गरोदरपण नऊ महिन्यांचं असतं, ही निसर्गाची चूक. ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याचे दीड हजार दहा दिवस चालतील. विसाव्या दिवशी तिनं काय खावं? घोषवाक्य खावं.

बरं, आणलीच पाव किलो भेंडी, तर ती कुणाच्या ताटात जाते? आधी कामावर जाणारा, मग पोरं, मग म्हातारी. करणारीच्या वाट्याला कढई येते आणि कढईला भाकरीचा तुकडा फिरवता येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे ही काही चारदोन हट्टी बायकांची तक्रार नव्हे.

भाजी-फळं तिच्या हाताला लागतच नाहीत असंही नाही. सुरगाणा-पेठकडच्या बाया हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. दिवसभर घड हाताळतात, छाटतात, खोक्यात निजवतात. त्यातली उत्तम द्राक्षं बोटीनं परदेशी जातात आणि नेदरलँड्स हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. तिथल्या एखाद्या आईच्या आहारात फळाचा समावेश झाला असेल, तर त्यात सुरगाण्याच्या बाईचा हात आहे. पोषण महिन्याच्या अहवालात हे यश नोंदवायला हरकत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा तिनं चिंच वापरली. सप्टेंबरात भाव कोसळून नाशिकच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. बरोब्बर पोषण महिन्यात! एखाद्या साहेबाला त्या ढिगाकडे बघून टोपली आठवायला हवी होती.

त्याहून मौज रानभाजी महोत्सवाची. करटोली, कुर्डू, टाकळा, शेवळं, भारंगी ही सगळी नावं डोंगरातल्या बायकांनीच टिकवली. महोत्सवात त्यांनाच खुर्चीवर बसवून रानभाज्यांचं महत्त्व पटवून दिलं जातं. त्या ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी पहाटे करटोल्यांची पाटी स्टेशनबाहेर नेऊन वाटे लावतात, कारण शहरात करटोल्याला पैसे येतात. त्या पैशातून घरी तेल येतं आणि बटाटे येतात.

भाजी-फळांनी काही होतं का, हा प्रश्न मात्र खोटा नाही, आणि उत्तर शोधायला नेदरलँड्सला जावं लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं जन्मताना अधिक भरलेली होती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. ज्या बायकांना कष्टाची कामं जास्त, त्यांची बाळं लहान. पहिल्या निष्कर्षाचं पोस्टर होतं, दुसऱ्याचं होत नाही. ‘हंडे कमी वाहा’ असं लिहायचं तर खाली नळ जोडावा लागतो.

पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सरस’ नावाचा प्रयोग झाला. तिथं बायकांना भाषण दिलं नाही, खाऊ दिला. पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला, रोज, समोर बसवून, आणि दिवस जाण्याआधीपासून. सगळ्यांची सरासरी काढली तर बाळांच्या वजनात फारसा फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅम जास्त भरलं. गरोदरपणातला मधुमेहही खाऊ घेणाऱ्यांत बराच कमी आढळला. सातव्या महिन्यात मांडवाखाली ‘पालक खा’ म्हणून सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं, ते असं.

सरकारला यातलं काही जमत नाही असंही नाही. २०१५ पासून आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाची अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं चौरस, गरम जेवण अंगणवाडीत मिळतं, त्यात पालेभाजीही असते. सासूबाई, नवरा, पोरं, वाटेकरी कुणी नाही. ताट तिचं एकटीचं. कल्पना इतकी साधी आणि चांगली आहे की ती चुकून मंजूर झाली असावी असा आमचा संशय आहे. निधी उशिरा आला की सेविकेला दुकानात उधारी करावी लागते, ही सेविकांच्या संघटनांची जुनी तक्रार. त्याच सेविकेनं भाजी आणायची, शिजते का बघायचं, वाढायची, ॲपवर नोंदवायची आणि सप्टेंबरात रांगोळीही काढायची.

तेव्हा मायबाप सरकार, ते एक वेळचं ताट आदिवासी भागाच्या वेशीवर अडवू नका. धारावीतल्या बाईला द्या, सोलापुरात विड्या वळणारीला द्या, ऊसतोडीच्या कोपीवर राहणारीलाही द्या, आणि सेविकेच्या हाती पैसे आगाऊ ठेवा. घोषवाक्य लागलंच तर कळवा, या सदरात फुकट लिहून देऊ.