हरणं न मानवणारी बाई

अमेरिकेत मार्च उजाडला की काही बायकांचं जेवणाकडे लक्ष नसतं. घरात लग्न नसतं की मुलाची दहावी नसते. कॉलेजांच्या बास्केटबॉलची बाद फेरी असते. एक सामना हरलात की सामान बांधा. टीव्ही लावला की ही बाई दिसते. कोर्टाच्या कडेला, अंगात महागडा कोट, पायात उंच टाचा, हातात गुंडाळलेला कागद आणि चेहरा असा, की समोरच्या रेफरीनं तिची जमीन हडपली असावी. खेळत असतात वीस-एकवीस वर्षांच्या पाच पोरी. दम हिला लागलेला असतो. ही कॉलेजच्या मुलींच्या संघाची कोच.

ही जात वाढीला लागली ती 1972 नंतर. त्या वर्षी तिकडे टायटल नाइन नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, एवढंच त्यात होतं. बास्केटबॉलचं नावही नव्हतं. पण मुलांना एवढं मोठं जिम, मग मुलींना काय, असा प्रश्न निघालाच. विद्यापीठांनी कुरकुरत मुलींच्या संघांकडे बघायला सुरुवात केली. संघ म्हटला की कोच आला आणि कोच म्हटला की पगार आला. तो वाचवायचा तर हाताशी कोण मोकळं आहे, ते बघायचं.

टेनेसी विद्यापीठात 1974 साली पॅट्रिशिया हेड नावाची बावीस वर्षांची मुलगी हाताशी होती. पुढे लग्नानंतर जग तिला पॅट समिट म्हणून ओळखू लागलं. ती आली होती पदव्युत्तर शिक्षणाला, जोडीला संघात मदतनीस म्हणून. आधीच्या कोचबाई सोडून गेल्या आणि संघ हिच्या गळ्यात पडला. पगार महिना 250 डॉलर. त्यात करायचं काय? सराव घ्यायचा, व्हॅन चालवायची, सामना संपला की पोरींचे गणवेश घरी नेऊन धुवायचे. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतले. उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास, विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षणाचे धडे आणि ऑलिंपिकसाठी दुखावलेल्या गुडघ्याची निगा. खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षभरानं लहान. त्यामुळे सगळ्या तिला ‘पॅट’ म्हणायच्या, आणि पुढे बाईंचा पुतळा उभा राहण्याची वेळ आली तरी पॅटच म्हणत राहिल्या. आपल्याकडे पी.टी.च्या सरांना नावानं हाक मारून बघा.

पहिल्याच निवड-सरावाला बाईंनी पोरींना पळवायला सुरुवात केली. पळा, वाका, रेषेला हात लावा, परत पळा. थोड्या वेळानं चार मुली पळता पळता जिन्याच्या पायऱ्या चढल्या, दारातून बाहेर पडल्या आणि परत आल्याच नाहीत. माझ्या मते त्या चौघी फार हुशार होत्या. बाकीच्यांना हे सुचेपर्यंत उशीर झाला होता.

पहिला सामना मर्सरशी झाला आणि टेनेसी 83-84 अशी हरली. एका गुणानं! वीस गुणांनी हरलेला माणूस रात्री शांत झोपतो, एका गुणानं हरलेला छत बघत पडतो. बाई पुढची 38 वर्षं तो एक गुण वसूल करत होत्या. जिंकलेले सामने 1,098, हरलेले 208, राष्ट्रीय विजेतेपदं आठ. आणि हरलेल्या 208 पैकी एकही विसरल्या असतील असं त्यांच्या चेहऱ्यावरून कधी वाटलं नाही.

हा स्वभाव आला कुठून, तर गोठ्यातून. टेनेसीतच त्यांच्या वडिलांच्या गाई होत्या, तंबाखूची शेती होती. तीन थोरले भाऊ असलेली ही मुलगी दूध काढायची, गवत गोळा करायची, आणि रात्री गवताच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल खेळायची. लहान म्हणून सूट नाही, मुलगी म्हणून तर नाहीच. वडील रिचर्ड हेड हे उंच आणि मितभाषी गृहस्थ होते. गावच्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हटल्यावर त्यांनी चक्क बिऱ्हाड हलवलं, संघ असलेल्या शाळेच्या हद्दीत. गुडघा फाटला तेव्हा डॉक्टर खेळ सोडा म्हणाले, तर यांनी डॉक्टरलाच बजावलं, नीट करा, पोरीला ऑलिंपिकला जायचंय. (गेली. 1976 ला मॉन्ट्रियलहून रौप्यपदक घेऊन आली. 1984 ला कोच म्हणून सुवर्ण.) एवढं सगळं करणाऱ्या या बापानं मुलीला पहिली मिठी मारली ती मात्र 1996 साली, चौथं राष्ट्रीय विजेतेपद मिळाल्यावर. मुलीचं वय तेव्हा 43. घाई केली नाही, एवढंच म्हणता येईल.

बाईंचं मुख्य हत्यार म्हणजे नजर. निळे डोळे एका जागी रोखायचे आणि पापणी लववायची नाही. वर्गातली चिठ्ठी नेमकी आपल्याच हातात असताना बाईंनी मागे वळावं, तशी ती नजर. ज्यांच्यावर ती पडली, अशा बायका आता पन्नाशी-साठीला आल्यात, पोरंबाळं मोठी झालीत. पण तिचा विषय निघाला की खुर्चीत सरळ होऊन बसतात.

नियम साधे होते. वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं. तास बुडवला तर पुढचा सामना बेंचवरून बघायचा, मग तुम्ही संघातल्या सर्वोत्तम खेळाडू का असेनात. सहा फुटी पोरी पहिल्या रांगेत बसल्यावर मागच्यांना फळा किती दिसत असेल, हा प्रश्न कुणी विचारला नसावा. पण त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली, आणि अमेरिकन कॉलेज-खेळांत हे वाक्य फार थोड्या कोचना म्हणता येतं.

शिक्षांच्या कथा मात्र ऐकवत नाहीत. एकदा संघ परगावी मरगळल्यासारखा खेळून हरला. लांबचा प्रवास करून परतल्यावर बाईंनी पोरींना घरी सोडलं नाही, थेट जिममध्ये नेलं. बॅगेतून तेच घामट, न धुतलेले गणवेश काढायला लावले आणि सांगितलं, जो अर्धा सामना तुम्ही खेळलाच नाहीत तो आता खेळा. आणखी एकदा पोरी रात्री उशिरापर्यंत मजा करून आल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या चार कोपऱ्यांत चार कचऱ्याचे डबे ठेवलेले. कशाला, ते पोरींना पळायला लागल्यावर कळलं. आज कुणी असं केलं तर पालक वकील घेऊन येतील, आणि मला विचाराल तर आले तर बिघडलं कुठं? डबे ही काही शिकवण्याची रीत नव्हे. पण त्याच बाई त्याच पोरींना घरी बोलावून स्वतःच्या हातानं रांधून वाढायच्या, आणि त्या मिटक्या मारत जेवायच्या. चार डबे आणि एक जेवण यांतून नेमकं काय जमतं, ते त्या पोरींनाच ठाऊक.

पण हा सगळा स्वभाव एका दिवसात बघायचा असेल तर सप्टेंबर 1990 मधला तो दिवस बघावा. बाईंना दिवस पूर्ण भरत आलेले. अशात त्या विमानानं पेनसिल्व्हेनियाला निघाल्या, मिशेल मार्सिनियाक नावाच्या शाळकरी खेळाडूला आपल्या कॉलेजात ये म्हणून पटवायला. कोचचा निम्मा जन्म या कामात जातो. सतरा वर्षांच्या मुलीच्या दिवाणखान्यात बसायचं, तिच्या आईच्या हातचं खायचं, कुत्र्याचं कौतुक करायचं आणि प्रतिस्पर्धी कॉलेजचं नाव न घेता त्याची बदनामी करायची. त्या भेटीतच बाईंना कळा सुरू झाल्या. सोबतच्या सहायक कोच मिकी डीमॉस यांचा जीव टांगणीला. बाईंनी बोलणं आटोपलं आणि विमान परतीला लागलं. वाटेत प्रकरण हाताबाहेर जातंय असं दिसल्यावर वैमानिकानं विचारलं, व्हर्जिनियात उतरवू का?

व्हर्जिनिया! त्याच मार्चमध्ये व्हर्जिनियानं टेनेसीला जादा वेळेत हरवलं होतं, आणि तेही कुठल्या वर्षी? अंतिम चौघींचे सामने टेनेसीच्या स्वतःच्या गावात, नॉक्सव्हिलला, भरणार होते त्या वर्षी. घरी मांडव घातलेला आणि यजमानांनाच आमंत्रण नाही. त्या राज्यात माझं मूल जन्माला येणार नाही, असं बाईंनी ठणकावलं. विमान टेनेसीलाच उतरलं आणि टायलर समिट यांनी आईचा शब्द राखून टेनेसीतच जन्म घेतला. पोटातल्या बाळालासुद्धा बाईंनी वेळ पाळायला लावली.

आणि मार्सिनियाक? तिनं नोत्र दाम कॉलेज निवडलं.

बाई यावर काय करणार? काहीच नाही, वाट बघितली. वर्षभरानं मुलगी नोत्र दाम सोडून टेनेसीला आली. मग एका सामन्यात तिनं घोळ घातला, तेव्हा बाईंनी तिची जर्सी मुठीत धरून, नाकाला नाक भिडवून जे काही ऐकवलं त्याचा फोटो देशभर छापून आला. 1996 चं, बापाच्या मिठीचं, विजेतेपद मिळालं तेव्हा अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू हीच मार्सिनियाक होती. मिळालेला शब्द या बाईंनी वाया जाऊ दिला नाही. न मिळालेलाही नाही.

बाईंची आणखी एक खोड म्हणजे नियम पटला नाही की त्याच्या मागे लागणं. टेनेसीच्या शाळांत मुली पाचऐवजी सहा-सहा खेळत. तिघी अर्ध्या कोर्टात फक्त बास्केट टाकणार, तिघी उरलेल्या अर्ध्यात फक्त अडवणार. मधली रेषा ओलांडायची नाही. मुलींच्या प्रकृतीला अख्खं कोर्ट झेपत नाही, असं शहाण्यांचं मत. ज्या पोरी घरी तंबाखूच्या शेतात उन्हात राबत, त्यांना चाळीस पावलं जास्त पळवणार नाही! अडवणाऱ्या तिघींना शाळेच्या आख्ख्या कारकिर्दीत एकदाही बास्केट टाकायला मिळत नसे. बाईंनी जाहीर करून टाकलं, हा नियम बदलेपर्यंत मी माझ्याच राज्यातल्या मुली घेणार नाही. 1979-80 च्या मोसमाला नियम गेला.

पुरुषांच्या संघाचं कोचपद त्यांच्याकडे दोनदा चालून आलं. बढती म्हणून. बाईंना ही बढती कशी, तेच समजेना. ‘नाही’ म्हणून त्या आपल्या पोरींकडे परतल्या. 2006 मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरांच्या वर पगार घेणाऱ्या महिला बास्केटबॉलमधल्या त्या पहिल्या कोच झाल्या. गणवेश धुण्याचं काम तोवर दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं.

याच जातीत पुढे नाना वाण निघाले. स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडरव्हीर लहान असताना वडील म्हणायचे, बास्केटबॉल काय कामाचा, आत येऊन बीजगणित कर. त्या 1,216 सामने जिंकून 2024 मध्ये निवृत्त झाल्या, म्हणजे आकडेमोडीशी संबंध राहिलाच. लुइझियानाच्या किम मल्की टिकल्या-पिसांचे असे कपडे घालतात, की स्कोअरबोर्डाकडे बघायचं भान राहत नाही. 2023 चा अंतिम सामना त्यांनी वाघाच्या पट्ट्यांच्या सोनेरी टिकल्या मिरवत जिंकला. पण त्या टिकल्यांखाली बाई तीच. हातात कागद आणि कपाळाला आठी.

पॅटबाईंमध्येही थोडा हौसेचा भाग होता. 2007 साली पुरुषांच्या संघाचे कोच ब्रूस पर्ल उघड्या छातीला नारिंगी रंग फासून मुलींच्या सामन्याला आले. परतफेड म्हणून चोपन्न वर्षांच्या बाई पुरुषांच्या सामन्यात चिअरलीडरचा पोशाख घालून कोर्टावर उतरल्या आणि टेनेसीचं लाडकं गाणं गायल्या. पुढच्या वर्षी घराच्या ओसरीवर रॅकून आला, त्याला हुसकताना बाईंचा खांदा निखळला. तासन्‌तास त्या स्वतःच तो बसवायचा प्रयत्न करत होत्या. मग डॉक्टरला फोन. त्याच मोसमात आठवं विजेतेपद. रॅकूनची बाजू पुढे आली नाही.

2011 च्या ऑगस्टमध्ये बाईंनी स्वतःच जाहीर केलं की त्यांना अल्झायमर झालाय. वय 59. कीव करू नका, असंही सांगितलं आणि आणखी एक मोसम बेंचवर बसल्या. कोणता खेळाडू कुठे उभा राहायला हवा हे तेव्हाही त्यांना दिसत होतं. बाकीचं सहायक बघत होत्या. 2016 च्या जूनमध्ये त्या गेल्या.

कनेटिकटच्या जीनो ऑरिएमा यांचं नाव या गोष्टीत आतापर्यंत आलं नाही, कारण बाईंसमोर ते काढायची सोय नव्हती. इटलीत जन्मलेले, जिभेला हाड नसलेले हे गृहस्थ. टेनेसी-कनेटिकट सामना म्हणजे देशभर टीव्हीला चिकटलेले लोक, भरलेली मैदानं, महिला बास्केटबॉलची दिवाळी. 2007 मध्ये बाईंनी हे सामनेच बंद केले आणि कारण धड सांगितलं नाही. पोरींचं आणि खेळाचं यात नुकसान झालं. एवढ्या मोठ्या बाईंनी हा पोरकटपणा करायला नको होता. आजाराची बातमी आली आणि बाईंच्या नावानं अल्झायमरसाठी फाउंडेशन निघालं, तेव्हा पहिला दहा हजार डॉलरांचा चेक आला तो ऑरिएमांचा. चेक घेतला गेला. सामने मात्र बाई असेपर्यंत सुरू झाले नाहीत. ते झाले 2020 च्या जानेवारीत, आणि टेनेसी 45-60 अशी हरली.