गंगादर्शन, गरम पाणी आणि गुडघे

‘काशीस जावे, नित्य वदावे’ असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या म्हणत आले आहेत. वदणाऱ्यांना खोली बुक करावी लागत नव्हती, म्हणून ते नित्य वदू शकत होते. आता मोबाइलवर तारखा टाकल्या की वाराणसीतली शेकडो ठिकाणं एका दमात समोर येऊन उभी राहतात आणि जाणाऱ्याची वाचाच बसते. निम्म्यांच्या नावात गंगा, उरलेल्यांच्या नावात शिव किंवा पॅलेस. चार खोल्यांच्या जुन्या घरावर आणखी दोन मजले चढवून गच्चीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, की काशीत त्याचा पॅलेस होतो. प्रत्येकाच्या फोटोत तोच पांढराशुभ्र पलंग आणि त्यावर टॉवेलचे केलेले तेच दोन हंस. ते हंस किती पाण्यात आहेत हे तिथे पोचल्यावरच कळतं.

आपल्या पणजोबांना हा ताप नव्हता. काशीचे क्षेत्रोपाध्ये घराण्याला ठरलेले असत. गाव, आडनाव आणि गोत्र सांगितलं की उपाध्ये जुनी वही काढत, तिच्यात आजोबांच्या वडिलांची मोडीतली सही निघे आणि राहण्याचा प्रश्न तिथेच मिटे. मुक्काम उपाध्यांच्या वाड्यात, जेवण त्यांच्याच पंक्तीला, श्राद्ध त्यांच्याच हातून. रात्री सतरंज्यांवर ओळीने पडायचं आणि पहाटे कोणीतरी खाकरलं की सगळ्यांनी उठायचं. निवड एका पूर्वजाने एकदाच करून ठेवलेली आणि ती पुढच्या सात पिढ्यांना बंधनकारक. ‘पाचपैकी किती तारे द्याल?’ असं कोणी पणजोबांना विचारलं असतं, तर त्यांनी गच्चीत नेऊन वर बोट दाखवलं असतं.

आता निवड आपल्या हातात आली आणि घरोघर बैठका सुरू झाल्या. मावशीला पहाटे चारला स्नानाला उतरता आलं पाहिजे, म्हणजे घाट दाराशी हवा. काकांना कमोड हवा आणि तो कमोडच असल्याचा फोटोही हवा. सुनेला चोवीस तास गरम पाणी, भाच्याला वायफाय. पैसे भरणाऱ्याचं मागणं एवढंच असतं, की परत आल्यावर कोणी ‘तरी मी म्हणत होते’ असं म्हणू नये. ही सोय अजून एकाही हॉटेलने सुरू केलेली नाही.

या बैठकीत पहिला वाद कँटोन्मेंट की घाट हा होतो. कँटोन्मेंट म्हणजे स्टेशनाच्या पलीकडची बाजू. रुंद रस्ते, झाडं, लिफ्ट, सकाळी बुफेत मटार घातलेले पोहे. काकांचा कौल इकडे. खोटं कशाला बोलू, तिथे झोप छान लागते. फक्त सकाळी डोळे उघडल्यावर आपण इंदूरला आहोत की नागपूरला हे आठवावं लागतं. घाट तिथून चार-पाच किलोमीटर. म्हणजे ई-रिक्षा आली, ती गोदौलिया चौकाच्या अलीकडेच सोडते आणि पुढे पायी. दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची आरती संपली की तीच सगळी गर्दी एकाच वेळी उलटी फिरते. त्या लोंढ्यात सापडलेल्या माणसाला काशीत मोक्ष मिळतो यावर विश्वास ठेवायला फार वेळ लागत नाही.

मावशीचा कौल घाटाला. मग फोन लावायचा. पलीकडून अत्यंत आदबशीर बनारसी आवाज येतो, “आइए ना भाईसाहब, घाट से बस पाँच मिनट.” या पाच मिनिटांचा अभ्यास व्हायला हवा. ती सांगणाऱ्याची पाच मिनिटं असतात. तो त्या गल्लीत जन्मला आहे, त्याच्या हातात बॅग नाही आणि सोबत सासूबाई नाहीत. शिवाय मुक्कामाच्या दृष्टीने प्रश्न घाटापासूनचा नसतोच, रिक्षा सोडते तिथपासूनचा असतो. तिथून ज्या गल्ल्या सुरू होतात त्यांत समोरून बैल आला तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं, बैल नाही. मोबाइलचा नकाशा इथे भांबावतो. त्यापेक्षा भिंतींवर रंगवलेले बाण बरे. एकेका कोपऱ्यावर दहा-बारा हॉटेलांची नावं एकावर एक, निळ्या-लाल रंगांत, शेवटी एकेक बाण. कधी एकाच हॉटेलचे दोन बाण दोन दिशांना दिसतात. गल्ल्या फिरून तिथेच येत असल्यामुळे बहुधा दोन्ही खरे असतात. शेवटी हॉटेलचा पोरगा येतो, आपली चाकांची बॅग सरळ डोक्यावर घेतो आणि चालू लागतो. फरसबंदीच्या गल्लीत चाकांना काय किंमत आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग जिना. काशीतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि पायऱ्या अशा उंच, की गुडघा छातीशी लागावा. गंगा दिसणारी खोली स्वाभाविकच सर्वांत वर. म्हणजे जितकं दर्शन चांगलं तितके गुडघे आधी कामाला येणार. आणि एवढं चढून गेल्यावर बाल्कनीला काय असतं? जाळी. खालपासून वरपर्यंत लोखंडी, बोटभर जाडीची, एका कोपऱ्यात कुलूप. माकडांसाठी, असं पोरगा सांगतो. पहाटे आपण चहाचा पेला घेऊन जाळीच्या आत बसतो, बाहेर कठड्यावर एक माकडीण पिलाला पोटाशी धरून बसते आणि दोघं मिळून आपल्याकडे बघत राहतात. तिकीट काढून कोण कोणाला बघायला आलं आहे ते ठरवणं अवघड.

तरी त्या जाळीतून दिसतं ते दिसतंच. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि अख्खं जुनं शहर तिच्या पश्चिम काठावर. पलीकडे वाळवंट, त्यावर इमारत म्हणून नाही. त्यामुळे सूर्य उगवतो तो थेट पाण्यापलीकडून, कोणाची आडकाठी नसते. त्याच कारणाने तो मावळतो तो मात्र शहराच्या पाठीमागे, तारांच्या गुंत्यात. एखाद्या घाटावरच्या हॉटेलने ‘बाल्कनीतून गंगेवरचा सूर्यास्त’ देऊ केला, तर त्याचं गरम पाणीही त्याच जातीचं असणार असं समजावं.

दुसरी एक गोष्ट जाहिरातीत नसते. ऑगस्टच्या आसपास गंगा चढते, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि मोठ्या पुरात दशाश्वमेधची आरती गच्चीवर हलवावी लागते. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. हा आकडा पावसाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रांत आपल्याकडच्या धरणांच्या टक्क्यांसारखा रोज असतो. त्या दिवसांत घाटापासून पाच मिनिटांवरचं हॉटेल गंगेपासून अर्ध्या मिनिटावर आलेलं असतं, जादा पैसे न घेता. आणि मणिकर्णिका घाटाजवळची स्वस्त खोली स्वस्त का, हेही आधीच विचारून घ्यावं. तिथल्या चिता रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि वारा कोणाचं बुकिंग पाहून वाहत नाही.

मराठी माणसाची इथे आणखी एक पंचाईत होते. नदीवरून चक्कर मारताना नावाडी नावं सांगत जातो: अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट, अमृतराव पेशव्यांचा राजा घाट. आताचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधून दिलेलं. नावेत बसल्या बसल्या आपली छाती फुगू लागते. निम्मा काठ आपल्याच माणसांनी बांधला आहे, तेव्हा खोलीच्या भाड्यात थोडी सूट मागायला काय हरकत आहे, असा विचार मनात चमकून जातो. मग मुन्शी घाट येतो. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वाडा उठवला. १९१५ मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांनी घेतला, आणि आज तिथे काशीतल्या अत्यंत महागड्या हॉटेलांपैकी एक आहे. पाहुण्यांना तिथे नावेतून नेतात. नागपूरच्या कारभाऱ्याने बांधलेल्या घरात एक रात्र झोपायला आज नागपूरच्या कारकुनाचा पगार मोडावा लागेल. आपण नावेतूनच नमस्कार करून पुढे जातो.

याच शहरात एक मुक्कामाची जागा अशीही आहे जिथे खोलीतून काय दिसतं हे कोणी विचारत नाही. गोदौलियाजवळचं मुक्तिभवन. १९५८ पासून ते चालू आहे. काशीत देह ठेवायला आणलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना तिथे खोली मिळते, साधारण दोन आठवड्यांसाठी. तेवढ्यात झालं नाही, तर बहुधा खोली दुसऱ्यासाठी मोकळी करायची. काही जण तिथून चालत घरी परत जातात, असंही होतं. खोलीत एक खाट, जवळ भजन. चेक-आउटची वेळ सकाळी दहा की बारा यावरून काउंटरवर हुज्जत घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा त्या दारावरून जाऊन यावं.

काशीला गेलं की एखादी आवडती गोष्ट कायमची सोडून यायची आपल्याकडे रीत आहे. बरेच लोक मोठ्या त्यागाच्या आवेशात कारलं सोडून येतात. माझं मत विचाराल तर खोलीतलं गंगादर्शन सोडावं. गंगा चौऱ्याऐंशी घाटांवरून फुकट दिसते, जाळीशिवाय दिसते, आणि तिला बघायला आपण बाहेर पडणारच असतो. गल्लीत आतली, पहिल्या मजल्यावरची, खिडकी चौकात उघडणारी खोली घ्यावी. ती थंड असते, शांत असते आणि जवळजवळ निम्म्या भाड्यात मिळते. फोनवर घाट किती लांब हे विचारू नका. रिक्षा कुठे सोडते, तिथून पायी किती, जिन्याच्या पायऱ्या किती, आणि पावसाळ्यात जात असाल तर पाणी कुठवर येतं, एवढं विचारा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मुकाट्याने कँटोन्मेंटला उतरा आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यांवरून रिक्षाने घाटावर या. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला जायचं असेल तर मात्र यातलं काहीही विचारत बसू नका. मिळेल ती खोली घ्या, आणि आजच घ्या.