चार तास झोपायला सांगणाऱ्या सरांना खुलं पत्र

सर,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ लिहून करायची रीत आहे. नमस्कार करते, पण ‘सप्रेम’ लिहायला हात वळत नाही. मी पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. तुम्ही व्यासपीठावरून टाळ्या घेऊन निघून जाता. त्या टाळ्या वाजवणारी मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन बसतात.

तुमची वाक्यं मुलांनी टेबलांवर चिकटवून ठेवली आहेत. ‘चार तासांपेक्षा जास्त झोपेल तो मागे पडेल.’ ‘रडायचं ते निकालानंतर.’ ‘ताण झेपत नसेल तर गावी जाऊन शेती करा.’ सर, यातल्या बहुतेकांचे आईबाप शेतीच करतात. शेतीत किती ताण असतो ते या मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ती तुमचं ऐकतात, अगदी शब्दन् शब्द पाळतात.

मराठवाड्यातून आलेला एक मुलगा होता. दुपारी मेसचा डबा यायचा आणि संध्याकाळी तसाच परत जायचा. लक्ष्मीकांतच्या राज्यव्यवस्थेवरच्या पुस्तकाचं एकच पान दिवसभर समोर उघडं असायचं. घरून फोन आला की तो मोबाइल पालथा घालायचा. एकदा शेजारच्याने खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, तर हा त्याच्या अंगावर धावून गेला. एरवी हाच सगळ्यांना चहाला घेऊन जाणारा. मी विचारलं, “झोप लागते का रे नीट?” तो म्हणाला, “काकू, आता तीन तासांवर आणलीय.” आवाजात अभिमान होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं की अंथरुणावर पडलं तरी त्याला झोप येतच नव्हती.

न येणाऱ्या झोपेचाही त्याला अभिमान वाटावा, हाच तुमचा अपराध आहे, सर. ताण तुम्ही निर्माण केलेला नाही, तो या परीक्षांतच आहे. २०२४ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला व्हायची होती. ती पुढे जात जात १ डिसेंबरला झाली. तितके महिने मुलांनी खोलीचं भाडं भरलं आणि घरच्यांना तारखा सांगितल्या. तुम्ही त्यावर एक भर घातली. मन थकल्याच्या खुणांना तुम्ही मेहनतीच्या खुणा म्हणायला शिकवलं. झोप उडाली तर चिकाटी, जेवण सुटलं तर एकाग्रता, मित्र तोडले तर त्याग. मग आजार अंगावर आला तरी या पोरांना तो ओळखू कसा यावा?

पेपरच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं साहजिक आहे. पेपर झाला की तो जातो. पण दोन आठवडे उलटले, तरी जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, वाचलेलं डोक्यात शिरत नसेल, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होत असेल, तर त्याला आळस म्हणायचं नाही. डॉक्टरकडे जायचं. डोकेदुखी, छातीत धडधड, सततची ॲसिडिटी यांमागेही पुष्कळदा हाच ताण असतो. आणि ‘मी नसलो तर घरचं ओझं कमी होईल’ असं कुणी बोललं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच क्षणी त्याच्याजवळ बसायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि मदत मिळवून द्यायची.

अभ्यासाच्याच भाषेत हवं असेल तर तेही सांगते. दिवसभर वाचलेलं स्मरणात पक्कं होतं ते झोपेत. झोप तोडून केलेला अभ्यास पेपरात नीट आठवत नाही. म्हणजे तुमचा सल्ला ज्या निकालासाठी दिला जातो, त्या निकालालाही मारक आहे.

त्या मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी सुरुवातीलाच झोपेची चौकशी केली, अभ्यास किती तास होतो ते विचारलं नाही. त्याला औषधं आणि समुपदेशन सुरू झालं. आता तो जेवतो आणि आईचा फोन उचलतो. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, ते तो बरा झाल्यावर ठरवेल. कधीही ठरवू दे.

पालकांनो, तुम्हालाही हात जोडून सांगते. फोनवर ‘अभ्यास किती झाला’ हे नंतर विचारा. आधी ‘जेवलास का, झोप लागते का’ हे विचारा, आणि उत्तर द्यायला वेळ लागला तरी फोन ठेवू नका.

आणि सर, तुमच्या शब्दाला वजन आहे म्हणूनच तुमच्याकडे मागणी आहे. पुढच्या व्याख्यानात ते चार तासांचं वाक्य जाहीरपणे मागे घ्या. फळ्यावर १४४१६ हा क्रमांक लिहा. तो केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे; ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. एवढं कराल त्या दिवशी माझ्या अभ्यासिकेचं दार तुम्हाला उघडं असेल. तोवर तुमच्या कार्यक्रमाचं पोस्टर इथे लागणार नाही.

सदाशिव पेठेतली एक अभ्यासिकाचालक