नावं ठेवणारे तात्या

बारशाचं आमंत्रण आलं की बाकीचे नातेवाईक विचारतात, मुलगी कोणावर गेलीय. आमचे तात्या विचारतात, "नावात जोडाक्षर आहे का?"

तात्या नेमके कोणाचे काका, हे आमच्या घराण्यात कोणालाच धड सांगता येत नाही. डोंबिवलीत राहतात, वीज मंडळातून निवृत्त झाले आणि भाषेशी त्यांचा अधिकृत संबंध बिलाच्या पाठीमागच्या सूचना वाचण्यापुरताच आला. तरीही गेली कित्येक वर्षं घराण्यातल्या प्रत्येक मुलीच्या नावावर शेवटचा शिक्का त्यांचाच, निदान त्यांची तशी समजूत आहे. मुलग्यांच्या नावांत त्यांना रस नाही. "मुलाचं काय, आरव नाहीतर अथर्व. त्यात उच्चारायला आहे काय?" मुलीचं नाव निघालं की मात्र ते खुर्ची पुढे ओढतात, चष्मा पुसतात आणि मीटरचं रीडिंग घ्यावं तसं ते नाव तीन वेळा घेतात. एकदा गॅलरीतून हाक मारल्यासारखं, एकदा रागावल्यासारखं, एकदा शाळेतल्या हजेरीसारखं. दुसऱ्या वेळी बाळ हमखास रडतं. मग तात्या आईबापांकडे सूचक नजरेनं पाहतात. पहिलं प्रतिकूल मत नोंदवलं गेलेलं असतं.

त्यांच्या मतांना आधार नसतो असं मात्र म्हणता येणार नाही. तीच खरी अडचण आहे. निव्वळ अडाणी माणसाकडे दुर्लक्ष करता येतं. तात्यांची दर दहातली सहा वाक्यं बरोबर असतात. एका पुतणीनं मुलीचं नाव सई ठेवलं तेव्हा तात्यांनी तिला इंग्रजी स्पेलिंग लिहायला लावलं. तिनं एस ए आय लिहिलं. "बघ," तात्या म्हणाले, "सई परांजपे, सई ताम्हणकर आणि साई पल्लवी. इंग्रजीत तिघी एकच. तू म्हणशील सई, विमानतळावर पुकारा होईल साई, आणि लोक हात जोडतील." पुतणी घाबरली, तिनं जन्मदाखल्यावर शेवटी दोन ई घातले. तात्या पुन्हा आले. "आता तिला सेई म्हणतील."

दुसऱ्या घरी जाई होती. तिची आई मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, तिनं लेकीला जगातला ज लावून हाक मारली. तात्यांचा घास हातातच राहिला. "सूनबाई, जाईतला ज जमिनीतला. जगातला नव्हे." सूनबाईंनी त्या दिवसापासून लेकीला पिंकी म्हणायला सुरुवात केली, आणि ती पिंकीच राहिली. अमृता नाव सुचवणाऱ्याला त्यांनी विचारलं, "खानविलकर की प्रीतम?" त्याला कळेना. देवनागरीत दोघी सारख्याच, पण इंग्रजीत एकीला यू आणि एकीला आय. आपण ऋ चा रु करतो, उत्तरेकडचे रि करतात, आणि एकदा का इंग्रजी स्पेलिंग लिहिलं की मुलीनं नर्मदेच्या कुठल्या काठावर राहायचं तेही ठरतं, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर कोणीतरी म्हणालं की कर्नाटकात, आंध्रात, ओडिशातही रु च म्हणतात. "म्हणजे बहुमत आपलंच," तात्या म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

मृणालच्या वेळी मात्र त्यांनी कमाल केली. ओल्या बाळंतिणीला त्यांनी सांगितलं, "मृणाल सेन पुरुष होते." ती बिचारी रडायच्या बेतात आली. तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनी मृणाल गोऱ्यांचं नाव काढलं. लाटणी घेऊन निघालेले महागाईविरोधातले मोर्चे, पाण्यासाठीची आंदोलनं, पाणीवाली बाई, असा सगळा इतिहास तिथल्या तिथे ऐकवला. तात्यांनी माघार घेतली. निघताना दारात चपला घालता घालता तेवढं म्हणाले, "त्यांच्या स्पेलिंगात आय होता."

पण तात्यांना खरा सूर सापडला तो संज्ञाच्या बारशाला.

ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजला होता. मुलगी शततारकेची, दुसऱ्या चरणाची. पंचांगात शततारकेची अक्षरं गो, सा, सी, सू. तेव्हा स ठीक होता. हे नशीबच म्हणायचं. सत्तावीस नक्षत्रांचे एकशे आठ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर वाटून देताना पूर्वजांनी कोणाचा मुलाहिजा ठेवलेला नाही. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर जन्मलात तर ङ, हस्ताच्या तिसऱ्यावर ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यावर ञ. ण वरून मुलीचं नाव शोधून दाखवणाऱ्या गुरुजींना मी शोधतो आहे. हस्ताचा चौथा चरण म्हणजे ठ, आणि तात्यांच्या आजीचं नाव ठकू होतं. तो चरण त्या पिढीनं निमूट स्वीकारला. हल्ली आईबाप 'ते जन्मनाव फक्त पत्रिकेत' म्हणून सुटका करून घेतात.

संज्ञा हे नाव मुलीच्या आईनं शोधलेलं. तात्यांचा पहिला आक्षेप पौराणिक होता. "संज्ञा कोण, ठाऊक आहे ना? सूर्याची बायको. त्याचं तेज सोसेना म्हणून छायेला आपल्या जागी ठेवून निघून गेली. नवऱ्याला सोडून गेलेली बाई!"

"तात्या, नवरा सूर्य असेल तर कोणीही सोडेल," मुलीची आई म्हणाली. "आणि पुढचं सांगा की. तिच्या वडिलांनी जावयालाच तासून कमी केलं. असे वडील पाहिजेत."

मुलीचे वडील यावर हसले, पण जरा उशिरा.

मग तात्या मूळ मुद्द्यावर आले. मुद्दा अर्थात ज्ञ. "आपण म्हणणार संद्न्या. हॉलच्या बाहेर पाऊल टाकलं की काय म्हणतील?" आणि त्यांनी सोसायटीतल्या पाहुण्यांची रीतसर साक्ष काढली. तिसऱ्या मजल्यावरचे लखनौचे गृहस्थ म्हणाले, "संग्या. बहोत प्यारा नाम है." वर त्यांनी प्रेमानं खुलासा केला की हिंदी व्याकरणात नामाला संज्ञाच म्हणतात. तात्यांनी दोन्ही हात वर केले. "ऐका! मुलीचं नाव काय, तर नाम!" शेजारच्या गुजराती भाभी म्हणाल्या, "संग्ना." त्यांच्या नणंदेचं नाव जिज्ञा, आम्ही तिला आजवर जिग्ना म्हणत होतो, ती आपली जिज्ञासेतली जिज्ञा, हे अर्ध्या हॉलला त्या दिवशी कळलं. शेवटी कोलकात्याच्या काकूंकडे सगळे वळले. त्यांनी हसून, जरा लाजून सांगितलं, "शोंगा."

"शेंगा!" तात्या ओरडले. इतका आनंद त्यांना स्वतःच्या नातवाच्या मुंजीतही झाला नव्हता.

स्पेलिंगची चर्चा त्यानंतर पाऊण तास चालली. डी घातला तर बाहेरचे विचारतात, डी सायलेंट आहे का; ज्ञानेश्वर नावाच्या प्रत्येक मराठी माणसानं हा प्रश्न परप्रांतात सोसलेला आहे. जी घातला तर आपण आपल्याच घरात हिंदी झालो. जे आणि एन घातला तर शाळेतल्या बाई पहिल्याच दिवशी संजना म्हणणार, आणि पुढची बारा वर्षं तेच. कोणीतरी म्हणालं, आत्ता ठरवायलाच हवं का? इथे तात्यांनी आपला हुकमी पत्ता काढला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. जन्म एकवीस दिवसांत कळवायचा, पण नाव कोरं ठेवता येतं. वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. "घाई कसली? पंधरा वर्षं आहेत हातात!" तात्यांच्या चेहऱ्यावर इतकी तृप्ती होती की ते पंधरा वर्षं दर रविवारी येणार याबद्दल मुलीच्या आईला शंका उरली नाही. तिनं तिथल्या तिथे फोनवर डी, एन, वाय टाइप करून मेसेज आत्याला पाठवला.

अर्थात तात्यांना अडवणारं माणूसही तिथे होतं. मुलीच्या आजीच्या बहीण, शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या. त्या इतका वेळ घुगऱ्यांची वाटी घेऊन शांत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तात्या, तुमचं बरोबर कोणतं?"

"संद्न्या. शुद्ध."

"ज्ञ मध्ये कोणती दोन अक्षरं आहेत?"

तात्यांनी चष्मा पुसला.

"ज आणि ञ," बाई म्हणाल्या. "यात द कुठून आणलात? त्यांनी ग आणला, तुम्ही द आणलात. भेसळ दोघांचीही. मूळ उच्चार तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे नाही, माझ्या वर्गातल्या एकाही पोराकडे नव्हता."

हॉलमध्ये शांतता पसरली. तात्या एक जिलेबी खाऊन होईपर्यंत गप्प होते. त्यांच्या दृष्टीनं ही मोठी मुदत. मग ते म्हणाले, "माउलींना आपण काय म्हणतो? द्न्यानेश्वर. आता माउली चुकले म्हणता?"

माउली स्वतःला काय म्हणवून घेत होते हे ऐकायला तात्या आळंदीत हजर होते का, असं बाई विचारणार होत्या. पण वारकऱ्यांच्या नातवंडांनी भरलेल्या हॉलमध्ये त्यांनी तो प्रश्न घुगऱ्यांबरोबर गिळला. तात्या जिंकले. निदान घरी जाताना रिक्षात त्यांनी तसंच सांगितलं.

बारसं मात्र वेळेवर झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्या पाळण्यावर वाकली, कुर्र केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तात्या कान लावून अगदी पाळण्याच्या कठड्याला टेकले होते, पण धपाट्यांच्या आवाजात आत्यानं द म्हटला की ग, हे त्यांना कळलं नाही. आत्या अजूनही सांगत नाही. माझ्या मते ती 'शेंगा' म्हणाली असण्याची शक्यता आहे, कारण ती हसत होती.

जेवणं चालू असताना कोलकात्याच्या काकूंनी आमच्या काकूंना, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवतींना, अदबीनं नाव विचारलं. आम्ही सगळेच थबकलो. काकू म्हणजे काकू. त्यांना नाव असेल हा विचार आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. उखाण्यांतून त्यांनी तात्यांचं नाव उभ्या घराण्यात गाजवलं होतं, उलट बाजूनं कधी काही ऐकल्याचं आठवत नाही.

"माहेरचं सांगू की इकडचं?" काकू म्हणाल्या. "माहेरची मी कृष्णा. लग्नात ताटातल्या तांदळांवर यांनी अंगठीनं शालिनी लिहिलं. पण कृष्णाही कोणी म्हटलं नाही, शालिनीही नाही. यांनी पहिल्या दिवसापासून हाक मारली ती 'अग'. एका अर्थी बरंच झालं. स्पेलिंगचा प्रश्न आला नाही, आणि कुठल्याही प्रांतात गेलो तरी उच्चार एकच."

बायका हसल्या. पलीकडच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावलेले तात्या पेला खाली ठेवून मागे वळले.

"अग नव्हे," ते म्हणाले, "अगं. अनुस्वार खाऊ नकोस."